खरखऱ्या

पऱ्हाटी फुटली की माझे कान लांब होतात. दिवाळी मागे पडलेली असते, सकाळी पाण्यात हात घालावासा वाटत नाही, शिवारभर कापूस पांढरा दिसू लागतो आणि माणसं खुशीत असतात, कारण वर्षभराचं पीक घरात येणार असतं. मी मात्र या दिवसांत भिते. इतकी वर्षं लोटली तरी त्यात तसूभर फरक पडलेला नाही. कापसाने भरलेला ट्रक घरासमोरून जाऊन उताराला लागला आणि त्याच्या इंजिनाचा सूर बदलला, की माझ्या हातातली भाजी तशीच राहते. ट्रक कोणाचा, आत कोण बसलंय, मला काही ठाऊक नसतं. तरी तो खाली सपाटीला लागेपर्यंत मी इथे बसल्या जागी ब्रेक दाबत असते. जन्मात कधी गाडी चालवली नाही, पण ब्रेक दाबून दाबून माझी पोटरी दुखते.

आमच्या जिल्ह्यात नवीन माणसाला आधी एकच विचारतात, घाटावरचे की घाटाखालचे? आम्ही घाटावरचे, पण अगदी काठावरचे. बुलढाण्याहून आलेला रस्ता आमच्या अंगणासमोरून जातो, जुन्या बाभळीपाशी वळतो आणि राजूर घाटात उतरतो. वळणाच्या पुढचं आमच्या अंगणातून काहीही दिसत नाही. खाली मोताळा, त्याच्या पुढे नांदुरा, तिथे रेल्वे आणि कापसातली सरकी काढणारे जिनिंगचे कारखाने. घाटावरचा सगळा कापूस तिकडेच जायचा, आमच्या दारावरून. मी लहानपणापासून जग पाहिलं ते असं, बाभळीपर्यंत डोळ्यांनी आणि बाभळीच्या पुढे कानांनी.

यंदा माझ्या भीतीला नवं निमित्त मिळालं आहे. तिचं नाव प्रणाली. माझ्या वहिनीची ही नात पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे, नीट उजाडायच्या आधी, घाटाच्या रस्त्याने धावायला जाते आणि परत आली की स्कूटीवरून बुलढाण्याला क्लासला. मागच्या आठवड्यात ती मोबाइल घेऊन माझ्या आणि वहिनीच्या मधे येऊन बसली.

"सुमनआजी, यातला कोणता घेऊ सांग बरं. गाणे आयकाचे हायेत. हलका पायजे, धावतानी पडला नाही पायजे, गाडीवरबी चालला पायजे, आन लई महाग नको."

पडद्यावर कानात खुपसायची दोन पांढरी बोंडं होती, मग गळ्यात अडकवायचा एक पट्टा होता, आणि शेवटी मुठीएवढा एक डबा. ती प्रत्येकाचे गुण सांगत होती. गाण्याच्या तालावर पाय पडले की दम कमी लागतो म्हणे. मी मान हलवत होते, पण मला दुसराच आवाज ऐकू येत होता. हलका हवा, गाडीवर चालणारा हवा, स्वस्त हवा. हेच शब्द याच अंगणात, मी परकर-पोलक्यात असताना, असेच कापसाच्या दिवसांत बोलले गेले होते.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा. वीज गावात यायची होती. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, घरात बाबा, माझा मोठा भाऊ किसन आणि मी. किसनला मी भाऊच म्हणायची. गावात भाऊची कीर्ती होती ती त्याच्या झोपेमुळे. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. कापसाच्या बंड्या नांदुऱ्याला निघायच्या त्या एकामागे एक, रांगेने. पुढच्या बंडीवरचा माणूस जागा राहायचा, मागचे कापसावर आडवे व्हायचे. बैल आपोआप पुढच्या बंडीच्या मागे चालत. परतीच्या वाटेवर तर कोणीच जागं राहायची गरज नसे, बैलांना घर माहीत असायचं. असं सगळेच करत, पण भाऊसारखं कोणी करत नसे. चाक फिरलं की त्याचा डोळा लागलाच. दारात बंडी येऊन थांबायची, बैल फुरफुरत उभे असायचे, आणि हा वर घोरत असायचा. बाबा बैल सोडायचे, बंडीचं जू जमिनीला टेकवायचे, भाऊ घसरत घसरत पुढे यायचा आणि तिथेच अंग मुडपून झोपायचा. ही गोष्ट गावात पाहुण्यांना सांगायची गोष्ट होती. आम्ही खूप हसायचो.

मग नांदुऱ्याच्या एका जिनवाल्या शेठने लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक घेतला. असल्या ट्रकांना डिस्पोजलचा ट्रक म्हणत. घाटावरच्या गावागावांतून कापूस गोळा करून खाली न्यायचा. भाऊ त्या ट्रकावर आधी हमाल म्हणून गेला, मग डायवरच्या शेजारी बसून शिकला, आणि पुढच्या हंगामात स्वतः डायवर झाला. आख्ख्या गावात पहिला. बाबा भेटेल त्याला सांगत सुटले.

"आमचा किसन ट्रक हाकते आता."

"बाबा, ट्रक हाकत नसतात. चालवतात," भाऊ म्हणायचा.

"तेच तं. बंडी हाकली काय आन ट्रक हाकला काय, एकच हाय ना बे?"

त्याच्या आधीच्याच उन्हाळ्यात भाऊचं लग्न झालं होतं. वहिनी धाड गावची. अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक. एकदा आम्ही दोघी पऱ्हाटीत कापूस वेचत होतो. कमरेला बांधलेली ओटी भरली की पोटाला ऊब लागते, बोंडांची वाळलेली टोकं बोटांना ओरखडे काढतात, आणि बाया गप्पा मारता मारता पुढे सरकतात. मी भाऊच्या झोपेची गोष्ट तिला रंगवून सांगत होते, जू टेकवलं तेव्हा तो कसा घसरला ते करून दाखवत होते. वहिनी हसली नाही. हातातलं बोंड तसंच धरून म्हणाली,

"ताई, बैलाले घर मालूम असते. ट्रकाले घर मालूम नाही."

त्यानंतर ती गोष्ट मी पुन्हा कोणाला सांगितली नाही. आज सांगते आहे, तीही हसण्यासाठी नाही.

भीती घरात शिरली ती अशी, वहिनीच्या एका वाक्यातून. आधी ती आम्हा दोघींचीच होती, मग बाबांना लागली. ज्या अंगाला लहानपणापासून चाक फिरलं की झोपायची सवय, ते अंग घाटात काय करेल? आमच्या बाजूने उतार सुरू होतो आणि एका बाजूला दरी, एका बाजूला कडा. वरती कापसाच्या ढिगावर दोन हमाल बसलेले, त्यांनाही कापसाची ऊब लागून पेंग येणार. म्हणजे आख्ख्या ट्रकात जागं कोण? बाबांनी पहिला उपाय काढला तो व्यायामाचा. पहाटे गोठ्यात जोर-बैठका. अंग तयार झालं की झोप पळते, असं त्यांचं म्हणणं. शेजारचे रामराव म्हणाले, उलट व्यायामानं झोप जास्त येते. त्यावर दोघांचा वाद झाला, आणि वाद मिटेपर्यंत भाऊ गोठ्यात बैठका मारून मारून गव्हाणीला टेकून झोपला होता. पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात, शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून बरकत मागतात. त्या वर्षी वहिनी डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. मी विचारलं, काय मागितलंत? ती म्हणाली, "त्यायची झोप कमी कर म्हटलं." देवाकडे असं काही मागणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

रेडिओची कल्पना बाबांना चहाच्या टपरीवर सापडली. मलकापूरकडच्या एका ट्रकात हातात धरण्याएवढा रेडिओ टांगलेला त्यांनी पाहिला. तो डायवर म्हणाला, गाणं चालू असलं की डोळा लागत नाही. बाबा घरी आले ते ठरवूनच. छोटा, हलका पायजे, ट्रकात खुंटीवर टांगता आला पायजे, इंजिनाच्या वर ऐकू आला पायजे, गोठ्यातही नेता आला पायजे, आणि आपल्याला परवडला पायजे. बाबा, वहिनी आणि मी असे तिघं एस.टी.ने बुलढाण्याला गेलो. खरं तर बाबा एकटे जाणार होते. पण वहिनीने माझ्याकरवी सांगितलं की तिलाही यायचं आहे. ती कधी काही मागत नसे, म्हणून बाबांना नाही म्हणता आलं नाही.

माझ्याकरवी म्हणते, कारण तेव्हा सून सासऱ्यासमोर तोंड उघडत नसे. डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून ती माझ्या मागे उभी राहिली, आणि दुकानात जे काही बोलणं झालं ते सगळं माझ्या तोंडून झालं. ती हातभर अंतरावर असून बाबाही तिच्याशी न बोलता माझ्याशी बोलत होते. दुकानदार बिचारा आळीपाळीने आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघत होता.

त्याने काचेवर दोन रेडिओ मांडले. एक चामड्याच्या कव्हरातला, चांगला वजनदार. त्याने तो लावला आणि दुकानात एक बाई इतकं गोड गायला लागली की बाबांनी डोळे मिटले. दुसरा त्याहून लहान, त्याहून थोडा पातळ आवाजाचा. बाबांचं मन पहिल्यावर बसलं होतं, परवडण्याची गोष्ट ते विसरूनच गेले होते.

वहिनी माझ्या कानाशी आली. "ताई, मामाजीले म्हणा, चामड्याचा नको."

"बाबा, चामड्याचा नको म्हणते."

"काऊन? आवाज तं पाय किती गोड हाय."

पुन्हा माझ्या कानात गरम श्वास. "म्हणूनच नको म्हणा. गोड आवाजानं त्यायले झोप येईन."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी चामड्याच्या कव्हरावरचा हात काढला. मग रेडिओकडे संशयाने बघत म्हणाले, "मंग कोणता घ्याचा, विचार तिले."

वहिनीचा हात पदरातून बाहेर आला. तिने दुकानाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे फळीवर एक लाल प्लास्टिकचा रेडिओ धूळ खात पडला होता. दुकानदार ओशाळला. म्हणाला, "तो कंपनीचा नाही हो. दिल्लीकडे कोणीतरी सुटे भाग जोडून करतं. लोक शेतात पाखरं हाकलायला नेतात." तरी त्याने तो पुसून लावला. तीच बाई तेच गाणं म्हणत होती, पण आता तिला पडसं झालं होतं आणि ती पत्र्याच्या खोलीत उभी होती. मधेमधे खरखर, आणि खरखरीतून एक शिट्टी अशी निघायची की दात शिवशिवत.

"हा तं कानाले टोचते," बाबा म्हणाले.

"टोचलाच पायजे," वहिनी कुजबुजली, आणि हे मला सांगावं लागलं नाही. बाबांनी ते ऐकलं होतं. लग्न होऊन आल्यापासून सुनेचा आवाज त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडला असावा.

तो रेडिओ सगळ्यांत स्वस्त होता. त्याचं नाव घरी येईपर्यंत खरखऱ्या पडलं होतं.

भाऊला तो फार आवडला. पहाटे गोठ्यात खुंटीवर टांगून तो बैठका मारायचा. त्या वेळी बरेचदा बाजारभाव लागायचे, मग भाऊच्या बैठका ज्वारीच्या आणि सरकीच्या भावावर चालत. बैल आधी बिचकले, मग कान हलवून सोडून देऊ लागले. थंडीत चुलीपाशी बसून मी ते ऐकायची. बाहेर अंधार, गोठ्यात कंदील, शेणाचा आणि ओल्या कडब्याचा वास, आणि तुरीचे भाव सांगणारा दूरचा माणूस. मला वाटायचं, आता काही होणार नाही. त्या लाल डब्यावर आम्ही एवढा भरवसा ठेवला होता.

दिवसभरात भाऊचा ट्रक आमच्या दारावरून जायचा आणि यायचा. भरलेला खाली, रिकामा वर. जाताना इंजिनाच्या घरघरीवर खरखऱ्याचा आवाज तरंगत असायचा. बाभळीच्या वळणावर ट्रक वळला की आवाज एकदम बंद व्हायचा, कोणी तोंडावर हात ठेवल्यासारखा. मग नुसतं इंजिन, तेही खोल जात जात नाहीसं होणारं. पहिल्या दिवशी मी घाबरले. बाबा म्हणाले, "डोंगर आवाज खाते पोरी. तो तिकडे वाजूनच राह्यला असन." मला ते पटलं, वहिनीलाही पटलं. संध्याकाळी तोच डोंगर तो आवाज परत द्यायचा. ट्रक दिसायच्या आधी, वळणाच्या अलीकडे यायच्या आधी, खरखऱ्या ऐकू यायचा आणि वहिनी तव्यावर भाकरी टाकायची. त्या आवाजाआधी तिने कधी तवा ठेवला नाही.

तरी भीती गेली होती असं नाही. आम्ही ती संध्याकाळपर्यंत ढकलत होतो इतकंच. रोज सकाळी ती नव्याने सुरू व्हायची.

हंगाम संपत आला होता. माघातलं आभाळ आलं होतं, दिवसभर ऊन नव्हतं. शेवटच्या वेचणीचा कापूस भिजू नये म्हणून सगळ्यांची घाई चाललेली. भाऊने त्या दिवशी दुसरी खेप घेतली. दुपार कलल्यावर भरलेला ट्रक दारावरून गेला, त्याने हात केला, खरखऱ्या वाजला, वळणावर बंद झाला. आम्ही कामाला लागलो.

दिवस मावळायच्या सुमारास खालून एस.टी. आली आणि आमच्या फाट्यावर थांबली. कंडक्टर दारातूनच ओरडून सांगत होता. घाटात कापसाचा ट्रक उलटला. रस्त्यावर कापूसच कापूस. आमची गाडी कशीबशी कडेनं काढली.

"कोणाचा ट्रक?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही. डिस्पोजलचा हाय, एवढं पाह्यलं."

गाडी निघून गेली. बाबा वळणापर्यंत चालत गेले आणि बाभळीपाशी उभे राहिले. त्याच्या पुढे त्यांनी पाऊल टाकलं नाही. आजवर मी समजत होते की पुरुष भीत नाहीत. त्या दिवशी मी बाबांची पाठ पाहिली. वहिनी आणि मी अंगणाच्या कडेला उभ्या होतो. तिने माझं मनगट धरलं होतं, आणि तिच्या बांगड्या माझ्या हाडाला रुतत होत्या. वारा पडला होता. पाखरं बाभळीवर येऊन कलकलत होती आणि मला त्यांना गप्प करावंसं वाटत होतं, कारण मला ऐकायचं होतं.

मग आला. खालून, वळणापलीकडून, तीच खरखर, तीच दात शिवशिवणारी शिट्टी. मी आनंदाने वहिनीकडे वळले. तिने माझं मनगट सोडलं आणि ती जमिनीवर बसली.

"ताई, रेडिओ येऊन राह्यला," ती म्हणाली. "ट्रक नाही."

मी कान दिला. खरंच इंजिन नव्हतं. नुसता रेडिओ होता, सावकाश जवळ येणारा. मला आधी कळेना, मग कळलं. माणूस गेला की त्याच्या अंगावरच्या, हातातल्या वस्तू कोणीतरी घरी आणून देतं. आईच्या वेळी तिच्या बांगड्या अशाच कोणी फडक्यात बांधून आणल्या होत्या. कोणीतरी आमचा खरखऱ्या आणून देत होतं, आणि बंद करायची कळ न सापडल्यामुळे तो वाजतच होता. ती वेळ मी कशी काढली मला सांगता येणार नाही. आजही कुठे रिकाम्या खोलीत रेडिओ चालू राहिलेला ऐकला की मी आधी जाऊन तो बंद करते.

वळणावर बैलांची शिंगं दिसली. बंडी होती. बाबा पुढे झाले, त्यांनी बैलांचे कासरे धरले आणि तसेच थांबले. त्यांचे खांदे हलत होते. पाठमोऱ्या माणसाचं रडणं आणि हसणं सारखंच दिसतं. बंडी पुढे आली. वर भाऊ उताणा पडला होता, छातीवर खरखऱ्या, गळ्यात त्याचा पट्टा. सदऱ्यावर रक्त लागलं होतं.

बंडी रामरावांची होती. नांदुऱ्याहून रिकामे परत येत होते. "निजला हाय तो," ते म्हणाले. "रक्त त्याचं नाही. समोरचा ट्रक उलटला, हा मागे होता. त्यातला डायवर यानंच ओढून काढला. रस्ता बंद हाय, ट्रक हमालायच्या हवाली करून आला. घरचे भेतीन म्हणे. बंडीत बसला, रेडिओ लावला आन बसल्या बसल्या निजला."

तेवढ्यात भाऊ घोरला.

त्या उलटलेल्या ट्रकच्या डायवरचं पुढे काय झालं हे भाऊने कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मला वाटतं, त्यानेही नंतर विचारलं नसावं.

पण मला सांगायचं आहे ते वहिनीबद्दल. ती उठून बंडीपाशी आली. सासरा समोर, रामराव समोर, तरी तिचा पदर खांद्यावर होता. तिने हात लांब करून नवऱ्याच्या छातीवरच्या रेडिओचं बटन धरलं. मला वाटलं, बंद करते. तिने ते शेवटपर्यंत फिरवलं. खरखऱ्या असा किंचाळला की बैलांनी माना झटकल्या आणि बाभळीवरची पाखरं उडाली. भाऊने कूस बदलली आणि झोपला. आम्ही सगळे त्याच्याकडे पाहत होतो. तो जिवंत घरी आला होता आणि वहिनीच्या तोंडावर आनंद नव्हता. जो डबा त्याला जागं ठेवतो म्हणून आम्ही हंगामभर निर्धास्त राहिलो, तो त्याच्या छातीवर किंचाळत होता आणि त्याला पत्ताच नव्हता.

सकाळी भाऊ गोठ्यात बैठका मारत होता. वहिनी दाराच्या आड उभी राहिली आणि मला पुढे केलं. बाबा गव्हाणीत कडबा टाकत होते.

"भाऊ, वहिनी विचारते, रेडिओनं तुले जाग येत नाही, मंग घाटात काय होते?"

भाऊ थांबला. "घाटात तं मी तो बंदच करतो."

"बंद?"

"बाभळीपाशी वळलो का बंद. ब्रेकचा आवाज आयकू यावा लागते ना. चाकातून काही वाजलं तं समजावं लागते."

म्हणजे डोंगर काही खात नव्हता. इतके दिवस आम्ही ज्याला डोंगर म्हणत होतो तो भाऊचा हात होता.

"मंग झोप?" हे बाबांनी विचारलं.

भाऊ हसला, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. "घाटात कोणाले झोप येते बाबा? पोटात गोळा असते माह्या. वरपासून खालपर्यंत नुसतं भेव. बंडीवर भेव नव्हतं, म्हणून झोप यायची."

"मंग तो चालू कायले करतो येतानी?" मी विचारलं.

"वरच्या टोकाशी आलो का करतो." त्याने खुंटीवरच्या लाल डब्याकडे पाहिलं. "तुमाले आयकू यावं म्हणून. ही तवा ठेवते ना."

दाराच्या आड बांगड्या वाजल्या. बाबांनी हातातली कडब्याची पेंढी गव्हाणीत ठेवली. मग ते भाऊजवळ गेले आणि त्याच्या घामेजलेल्या पाठीवर त्यांनी हात ठेवला.

"भेत राय बाबू," ते म्हणाले. "असाच भेत राय."

असा आशीर्वाद मी पुन्हा कुठे ऐकला नाही. मुलांना आपण निर्भय हो म्हणतो, धीट हो म्हणतो. मी पुढे शाळेत मास्तरीण झाले, वर्षानुवर्षं पोरांना धीट व्हायला शिकवलं, आणि प्रत्येक वेळी मनात बाबांचा तो हात यायचा. त्या सकाळनंतर माझी भीती कमी झाली नाही, वाढली. आधी वाटायचं, भाऊ आणि दरी यांच्यामध्ये रेडिओ आहे. आता कळलं होतं की मधे काही नाही, त्याचं स्वतःचं भेव तेवढं आहे. ते एखाद्या दिवशी संपलं तर?

ते संपलं नाही. भाऊने पुढे कितीतरी ट्रक बदलले, रेडिओ बदलले, घाटाचा रस्ता रुंद झाला. खरखऱ्याच्या वायरी एका पावसाळ्यात उंदरांनी खाल्ल्या. भाऊ म्हातारा होऊन गेला, घरात, खाटेवर, दुपारच्या झोपेत. चाक फिरत नव्हतं तरी झोपला. मी निवृत्त झाल्यावर या घरी परत आले आणि आता आम्ही दोघी म्हाताऱ्या आहोत. वहिनीला ऐकू कमी येतं. मशीन लावलं की डोकं दुखतं म्हणून ती ते डबीत ठेवते. बाहेरचं काय ते मी तिच्या कानाशी जाऊन सांगते. पूर्वी ती माझ्या कानात बोलायची, आता मी तिच्या कानात बोलते.

त्या दिवशी प्रणालीने मोबाइल पुढे केला तेव्हाही मीच सांगितलं. ही बोंडं कानात घालायची असतात, आवाज बाहेर येत नाही, दुसऱ्याला काही ऐकू जात नाही.

"तिले तरी बाहीरचं आयकू येते काय?" वहिनीने विचारलं.

"नाही," मी ओरडून सांगितलं.

"आजी, पोलीस व्हाचं हाय मले," प्रणाली हसून म्हणाली. "तुमी दोघी कशाले भेता एवढ्या?"

मला तिला सांगायचं होतं, भेत राय. तोंडापर्यंत आलं होतं. पण पोलीस व्हायला निघालेल्या पोरीला हे कसं सांगायचं, मला जमलं नाही. वहिनीने मात्र डोळे बारीक करून पडद्यावरच्या त्या मुठीएवढ्या डब्यावर बोट ठेवलं. "ज्याचा आवाज बाहीर येते तो घे," ती म्हणाली. "आमाले समजलं पायजे."

प्रणालीने कुरकुर केली, पण घेतला तोच. सगळ्यांत स्वस्त निघाला. कमरेला लटकवून धावते, स्कूटीच्या हुकाला अडकवून क्लासला जाते. त्याचा आवाज फाटका आहे, ढोल वाजला की आत पत्रा हलतो. पहाटे ती निघाली की आम्ही दोघी अंगणात चहा घेऊन बसतो. आवाज बाभळीपर्यंत जातो आणि वळणावर बंद होतो. डोंगर खातो की ती स्वतः बंद करते, हे मी तिला विचारलेलं नाही. मला विचारायची भीती वाटते.

मग ती परत येईपर्यंत घाट मुका असतो. एखादा ट्रक उतरतो, मी ब्रेक दाबते. वहिनी रस्त्याकडे पाहत नाही. ती माझ्या तोंडाकडे पाहत असते, आणि थोड्या थोड्या वेळाने विचारते, "आला काय ताई आवाज?"

आज फार वेळ झाला. कापसाचे ट्रक एकामागे एक उतरत होते. वहिनीचा चहा निवला होता, तरी बशी तिच्या हातातच होती. तिने विचारलं, पुन्हा विचारलं. मी तिच्या कानाशी गेले आणि म्हटलं, "आला."

तिने एक मोठा श्वास सोडला आणि तवा ठेवायला आत गेली. मी तिथेच बसून बाभळीकडे कान लावला.